चालती हवा, थांबलेली हवा

पेटलेल्या लाकडी कोळशाच्या ढिगात पोलादाची पट्टी खुपसून ठेवली तर ती गडद लाल होते आणि तिथेच थांबते. अर्धा तास ठेवा, तासभर ठेवा, रंग पुढे सरकत नाही. त्याच ढिगाला बाजूने नळी लावून भाता चालवला, की दोन-तीन मिनिटांत पट्टी नारिंगी होते, मग पिवळी, आणि लक्ष नसेल तर टोकाला फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागतात. पोलाद जळू लागल्याची ती खूण. तेवढा तुकडा गेला, तो कापूनच टाकावा लागतो. कोळसा तोच, पट्टी तीच, फरक फक्त हवेचा.

चाकू घडवण्यासाठी घरी भट्टी बांधायला निघालेला माणूस आधी विटा शोधतो, पत्रा शोधतो, सिलिंडर शोधतो. हवेचा विचार शेवटी, हाताशी येईल तो पंखा लावून उरकला जातो. क्रम उलटा हवा, कारण भट्टीत हवा दोन कामं करते. चालती हवा इंधन जाळते. थांबलेली हवा उष्णता अडवून धरते: सिरॅमिक वूल (उष्णता सोसणाऱ्या धाग्यांची गादी) असो, हलकी फायरब्रिक (भट्टीची वीट) असो की नुसती राख, त्यांतलं उष्णतारोधक म्हणजे मुख्यतः धाग्यांत, छिद्रांत आणि कणांमध्ये अडकलेली हवाच. किती हवा चालू द्यायची आणि किती थांबवून धरायची, हे ज्याने ठरवलं त्याची भट्टी निम्मी बांधून झाली. आणि पहिल्या भट्टीत जवळजवळ नेहमी दोनच चुका होतात: पोकळी हवी त्यापेक्षा मोठी आणि फुंकर हवी त्यापेक्षा जोरकस.

सगळ्यांत साधी भट्टी मातीच्या पेटीची. साधारण 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 30 खोल अशी लाकडी किंवा पत्र्याची पेटी घ्यायची. लाकडी चालते, फक्त आग आणि फळी यांच्यामध्ये कुठेही 10 सेंटिमीटरपेक्षा कमी माती नको. माती चिकण, त्यात वाळू मिसळलेली आणि खडे वेचून काढलेली. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, एवढाच ओलावा. ती थराथराने ठोकून भरायची आणि मध्ये चर कोरायचा: तळाशी 8 ते 10 सेंटिमीटर रुंद, वर 20, खोली 15. एका बाजूने एक इंची काळा लोखंडी पाइप आडवा आणायचा, त्याचं तोंड चराच्या भिंतीशी समतल आणि तळापासून 7 ते 8 सेंटिमीटर वर. ही खालची जागा वाया गेली असं वाटतं, पण राख आणि खंगर (वितळून गोळा झालेली राख) तिथेच साठतात. ती ठेवली नाही तर पहिल्या तासातच नळीचं तोंड बुजतं.

पाइप काळाच हवा, जीआय नको. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त 907 अंशांना उकळतं आणि भट्टी त्यापुढे सहज जाते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. गंजलेल्या पाइपवर जस्त उरलेलं आहे की नाही हे डोळ्यांना नीट कळत नाही, म्हणून शंका असेल तो पाइप सरळ बाजूला ठेवावा. पाइपचं टोक वर्षभरात हळूहळू जळून आखूड होतं, हे धरूनच चालायचं. तो 10-15 सेंटिमीटर जास्त लांब ठेवला आणि भोवती माती घट्ट ठेवली, तर पुढे सरकवत नेता येतो.

नळीच्या तोंडावर दोन्ही बाजूंना एकेक फायरब्रिक उभी केली की इंधनाची उंची वाढवता येते, आणि ती वाढवावीच लागते. कारण समजून घेण्यासारखं आहे. नळीतून आलेला ऑक्सिजन कोळशाला भेटतो तिथे कार्बन डायऑक्साइड होतो आणि सर्वांत जास्त उष्णता तिथेच निघते, तोंडापासून काही सेंटिमीटरवर. तो वायू वर जाताना आणखी तापलेल्या कोळशाला भेटला की कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणजे आगीचे थर पडतात: तोंडाशी मोकळा ऑक्सिजन, मध्ये सर्वांत प्रखर पट्टा आणि वर ऑक्सिजन संपलेला भाग. पोलाद ठेवायचं ते प्रखर पट्ट्याच्या किंचित वर, आडवं. टोक खाली करून नळीच्या दिशेने खुपसलं तर ते थेट ऑक्सिजनमध्ये जातं, काळी खपली धरतं आणि पृष्ठभागातला कार्बन गमावतं. चाकूच्या पात्याला हे फार महागात पडतं, कारण धार त्या पृष्ठभागाच्या जवळच काढायची असते.

लाकडी कोळशाला नळीच्या वर 12 ते 15 सेंटिमीटर थर हवा. आग उथळ असेल तर ऑक्सिजन खपायच्या आत पोलादापर्यंत पोचतो. अशा वेळी पट्टी तापत नाही म्हणून हवा वाढवली जाते, आणि खपली आणखी जाड होते. उपाय हवा वाढवण्याचा नाही, कोळसा वाढवण्याचा आहे. कोळशाचे तुकडे 2 ते 3 सेंटिमीटरचे फोडून, चाळून घ्यावेत. मोठ्या ढेकळांमधून हवा निसटून जाते आणि भुकटीने भट्टी गुदमरते. कोळसा फोडणं कंटाळवाणं काम आहे, पण एकसारखा फोडलेला कोळसा आणि पोत्यातून तसाच ओतलेला कोळसा या दोन वेगळ्या भट्ट्या असतात.

आता पंखा. केस वाळवायचा ड्रायर बहुतेकांच्या घरात असतो, आणि मातीच्या पेटीला त्याची निम्मी हवाही जास्त होते. म्हणून ड्रायरचं तोंड पाइपला घट्ट बसवायचं नाही, दोन बोटांचं अंतर सोडायचं आणि ते अंतर कमी-जास्त करून हवा ठरवायची. नाहीतर पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिच्या मोकळ्या तोंडावर सरकती झडप ठेवायची, म्हणजे नको असलेली हवा बाहेर जाते आणि मोटरही दबत नाही. हवा जास्त झाल्याचं कानालाही कळतं: आग घोंघावते, कोळशाचे बारीक निखारे उडतात आणि ढिगाच्या मध्ये खड्डा पडतो. बरोबर हवेला आग नुसती गुणगुणते. शिकणाऱ्याला खरं तर हाताने फिरवायचा ब्लोअर किंवा दुहेरी भाता चांगला. हात थांबला की हवा थांबते, त्यामुळे पोलाद ऐरणीवर असताना कोळसा उगाच जळत नाही. विजेचा पंखा माणूस घाव घालत असतानाही खात राहतो.

दगडी कोळशाची चाल वेगळी आहे. तो आधी धूर सोडतो, चिकट होऊन एकमेकांना धरतो आणि मग त्याचा कोक होतो. खरी उष्णता त्या कोकची. नवा कोळसा थेट आगीत टाकायचा नाही, कडेला रचायचा आणि कोक झाला की आत ओढायचा. त्यातलं गंधक पोलादात शिरलं तर ते गरम असतानाच घावाखाली तडकतं, म्हणून पिवळट धूर पूर्ण जाईपर्यंत पातं आगीत ठेवायचं नाही. खंगर हा त्याचा दुसरा त्रास: राख वितळून तळाशी काचेसारखा चिकट गोळा होतो आणि हवेचा रस्ता बंद करतो. आग मधूनच मंद वाटली, निखाऱ्यांत काळसर ठिपका दिसला, की हवा दोन मिनिटं बंद ठेवायची. खंगर थिजून कडक होतो आणि आकड्याने अख्खा उचलता येतो. गरम असताना ढवळला तर त्याचे तुकडे सगळ्या आगीत पसरतात.

दगडी कोळशाची भट्टी थोड्या वेळासाठी थांबवताना एक धोका असतो. हवा बंद झाली की कोळशातून निघणारा ज्वलनशील वायू उलटा नळीत शिरतो, आणि पंखा परत सुरू केला की तो आतच पेटून धडाका होतो. म्हणून थांबताना नळीखाली राख काढायचं दार असेल तर ते उघडं ठेवावं किंवा पंखा पाइपपासून सोडवून बाजूला करावा.

गाडीच्या ब्रेक ड्रमची भट्टी अनेक जण बांधतात. तळाच्या भोकाला दोन इंची पाइप, त्याला टी, टीच्या एका बाजूने हवा आणि खालच्या तोंडाला राख पाडायचं झाकण. दगडी कोळशाला ती चांगली. लाकडी कोळसा मात्र खालून हवा मिळाल्यावर भराभर संपतो, आणि ड्रम जितका रुंद तितका ढीग रुंद पेटतो. आतून मातीचा लेप देऊन वाटी 15 ते 20 सेंटिमीटरवर आणली की निम्मा कोळसा वाचतो.

सिमेंट आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस यांच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण या दोन्हींच्या कृती फार पसरल्या आहेत. साध्या सिमेंटमध्ये पाणी रासायनिक बंधात अडकलेलं असतं. 400 ते 500 अंशांच्या आसपास ते निघून जातं आणि मागे भुसभुशीत भुगा उरतो. त्याआधी काँक्रीटमध्ये ओल असेल तर वाफेने त्याचे टवके उडतात. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 पट जागा मागते, आणि ती जागा तिला मिळाली नाही की दगडही फुटतो. नदीतले गोटे भट्टीला वापरायचे नाहीत, तेही याचसाठी. प्लॅस्टर आणि वाळूचं मिश्रण दिसायला पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत होतं, पण प्लॅस्टरमधलं पाणी 200 अंशांच्या आतच निघून जातं आणि त्याची ताकद संपते. दोन-चार वेळा तापवल्यावर भेगा पडतात, आणि निखाऱ्यांच्या सान्निध्यात त्यातून गंधकाचा वायू सुटू शकतो. त्यापेक्षा चांगली ठोकलेली माती कितीतरी प्रामाणिक.

गॅसच्या भट्टीकडे वळलं की थांबलेल्या हवेचं महत्त्व कळतं. कोळशाच्या भट्टीत पोलाद निखाऱ्यांत पुरलेलं असतं. गॅसच्या भट्टीत ज्योत आतल्या भिंतीला तापवते आणि झळाळलेली भिंत पोलादाला तापवते. भिंत उष्णता पुढे पत्र्याकडे जाऊ देत असेल तर गॅस कितीही सोडा, आतला रंग नारिंगीच्या पुढे जात नाही.

चाकूसाठी किती पोकळी लागते? एका तावात माणूस फार तर 10 ते 15 सेंटिमीटर लांबीवर काम करू शकतो. रंग उतरायच्या आत तेवढ्यावरच घाव पडतात. म्हणजे 15 सेंटिमीटर व्यास आणि 30 लांबी भरपूर झाली. ही पोकळी सुमारे 5.3 लिटर भरते. पाऊण इंची एक बर्नर साधारण 350 घनइंचांना, म्हणजे 5.7 लिटरना पुरतो असा ठोकताळा आहे, आणि तो इथे बरोबर बसतो. आता व्यास फक्त 5 सेंटिमीटरने वाढवून 20 केला तर पोकळी 9.4 लिटर होते, पावणेदोन पट. एका बर्नरने ती भागत नाही, दोन लावले की गॅस दुप्पट. पुढेमागे मोठी तलवार करायची आहे म्हणून मोठी भट्टी बांधली जाते, आणि रोजच्या चार इंची पात्यासाठी तीच सगळी पोकळी तापवत बसावं लागतं.

15 सेंटिमीटरपासून बाहेर मोजत जाऊ. कास्टेबलचा, म्हणजे पाण्यात कालवून लावायच्या उष्णता सोसणाऱ्या मिश्रणाचा लेप सगळीकडे 1 सेंटिमीटर धरला की व्यास 17. सिरॅमिक वूलचे 25 मिलिमीटरचे दोन थर, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून 10 सेंटिमीटर, की 27. एवढ्या आतल्या व्यासाचं 2 मिलिमीटर पत्र्याचं नळकांडं लागतं. वूल 1260 अंशांना चालणारं आणि घनमीटरला 128 किलो घनतेचं घ्यावं. 50 मिलिमीटरचा एकच थर वळवताना आतून चुण्या पडतात आणि बाहेरून फाटतो, म्हणून दोन पातळ थर. बाहेरच्या थराची लांबी 27 गुणिले 3.14, सुमारे 85 सेंटिमीटर. आतल्याची 22 गुणिले 3.14, सुमारे 69. दोन्ही तुकडे दीड-दोन सेंटिमीटर जास्त कापायचे, म्हणजे दाबून बसवल्यावर कमानीसारखे स्वतःच स्वतःला धरून राहतात. दोन्ही थरांचे सांधे समोरासमोर ठेवायचे, एकावर एक येऊ द्यायचे नाहीत.

कवच म्हणून जुना गॅस सिलिंडर कापण्याचा मोह होतो. रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरमध्ये स्फोटापुरता गॅस असतोच, आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. व्हॉल्व्ह काढून, पाण्याने काठोकाठ भरून, रिकामा करून, परत भरून मगच कापतात. हे करून पाहिलेलं जाणकार माणूस शेजारी नसेल तर सरळ पत्रा वळवून घ्यावा.

वूल उघडं ठेवायचं नाही, हा मुद्दा टाळता येत नाही. त्याचे धागे फुप्फुसात खोल जाण्याइतके बारीक असतात. शिवाय बराच काळ 1000 अंशांवर तापत राहिलेल्या वूलमध्ये हळूहळू क्रिस्टोबलाइट तयार होतं, म्हणजे स्फटिकी सिलिका, आणि तिची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. म्हणून कापताना पी100 किंवा त्याच तोडीचा मास्क, लांब बाह्या आणि वूलवर पाण्याचा हलका फवारा. बसवल्यावर कोलॉइडल सिलिकाचा (पाण्यात तरंगणाऱ्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा) फवारा मारून, वाळवून, मंद आगीने तापवायचं. धागे ताठ होतात आणि लेप धरतात. त्यात खाण्याचा रंग थोडा मिसळला तर द्रव किती खोल मुरला ते दिसतं. मग कास्टेबलचा लेप. जुनी भट्टी मोडताना तर जास्तच जपायचं, कारण नवं वूल जितकं त्रास देतं त्याहून जुनं जास्त देतं.

कास्टेबल कालवताना पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घालायचं. लावायला सोपं जावं म्हणून वाढवलेलं पाणी पुढे वाफ होऊन भेगा पाडतं. वूलवर आधी पाण्याचा हात फिरवावा, नाहीतर कोरडं वूल लेपातलं पाणी ओढून घेतं आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. लावल्यावर दिवसभर प्लॅस्टिकने झाकून ओलसरच ठेवायचा, कारण तो वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या प्रक्रियेने होतो. नंतर एक-दोन दिवस उघडा. मग आत साधा पिवळा बल्ब लावून रात्रभर ऊब, आणि शेवटी बर्नर अगदी मंद करून दोन मिनिटं पेटवायचा, थंड होऊ द्यायचा, पुन्हा पाच मिनिटं. इथे घाई केली तर आठवडाभराचं काम एका टवक्यासरशी जातं.

तळाचा वेगळा विचार करावा. थरांचं पोलाद जोडताना टाकणखार वापरतात. तो सुमारे 743 अंशांना वितळतो आणि वूलमधून गरम सळई लोण्यातून जावी तसा आरपार जातो. म्हणून तळाशी जास्त ॲल्युमिनाची पातळ फरशी सैल ठेवायची. ती खराब झाली की नुसती बदलता येते.

बर्नरमध्ये पुन्हा चालती हवा येते. साध्या व्हेंच्युरी बर्नरला पंखा लागत नाही, बारीक भोकातून वेगाने निघालेला गॅसच भोवतीची हवा ओढून घेतो. घरी जमणारी रचना अशी: एक इंची टी, जिचं मधलं तोंड पाऊण इंची आहे. त्या मधल्या तोंडाला पाऊण इंची, 6 इंच लांबीचा काळा निपल, म्हणजे टोकांना आटे असलेला पाइपचा तुकडा. हीच मिसळनळी, तिची लांबी आतल्या व्यासाच्या आठ-नऊ पट असली की मिश्रण नीट होतं. टीच्या पाठीला, मधल्या तोंडाच्या बरोब्बर समोर भोक पाडून गॅसचा जोड बसवायचा आणि त्यावर 0.9 मिलिमीटर तारेसाठीची मिग वेल्डिंगची टिप, म्हणजे बारीक भोकाचं टोक. हवा टीच्या दोन उघड्या तोंडांतून येते. इथे सगळं भोक पाडण्यावर अवलंबून आहे. ते हाताच्या ड्रिलने तिरकं गेलं तर गॅसची धार नळीच्या भिंतीवर आपटते, हवा ओढली जात नाही आणि ज्योत एका अंगाला पिवळी राहते. ड्रिल प्रेसवर, टी पक्की आवळूनच हे काम करावं.

टिप आधी मुद्दाम लांब ठेवायची. ज्योत पिवळी आणि लांबट दिसली की टिप जरा जरा घासून आखूड करत जायचं. धार मागे सरकते तशी हवा जास्त ओढली जाते. प्रत्येक वेळी भोकाची कडा साफ करायची, तिथली बारीक कूसही धार वाकवते. थांबायचं कुठे, तर नळीच्या तोंडाशी आखीव निळा शंकू दिसतो आणि भट्टीच्या दाराबाहेर छोटीशी, मऊ ज्योत डोकावते तिथे. शंका असेल तर तापलेल्या भट्टीत लाकडाचा तुकडा टाकून बघावा. तो नुसता काळवंडत गेला तर आत मोकळा ऑक्सिजन नाही. चटकन ज्योत धरून जळला तर हवा जास्त आहे, आणि तीच हवा पात्यावर खपली धरवणार.

एक भाग प्रोपेनला सुमारे 24 भाग हवा लागते, ब्युटेनला 31. सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असेल तर प्रोपेन आधी उडून जातो, कारण तो उणे 42 अंशांना उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळ. सिलिंडर संपत आला की काल नीट जमवलेला बर्नर आज पिवळा जळतो, त्याचं कारण हे. टिप बदलायची नाही, दाब थोडा बदलून बघायचा. सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरणं ही दुसरी गोष्ट आहे: द्रवाचा वायू होताना तो स्वतःची उष्णता घालवतो, दाब पडतो आणि ज्योत खचते. मोठा सिलिंडर घ्यावा, किंवा आहे तो कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवावा. गरम पाणी नाही, आणि ज्योत तर नाहीच. सिलिंडर आडवा करणं सगळ्यांत वाईट, कारण मग नळीत वायूऐवजी द्रव शिरतो.

स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर इथे चालत नाही. तो सुमारे 30 मिलिबार दाब देतो, आणि या बर्नरला काम करताना 0.3 ते 0.7 बार लागतो, पोलाद जोडताना 1 बारपर्यंत. 0 ते 2 बार दाखवणारा, फिरवता येणारा रेग्युलेटर, त्याच दाबाला पात्र नळी आणि हाताच्या टप्प्यात एक बॉल व्हॉल्व्ह. सगळे सांधे साबणाच्या फेसाने तपासायचे. दाब फार कमी केला तर मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी पडतो आणि ज्योत नळीत मागे शिरते. फट्‌ असा आवाज आणि नळीतून घुरघुर ऐकू आली की गॅस लगेच बंद करावा.

बर्नर वरून सरळ खाली नको, बाजूने तिरका आणि पोकळीला स्पर्शून जाणारा असावा. मग ज्योत भिंतीवरून गोल फिरते आणि पात्यावर एका ठिकाणी मारा होत नाही. त्याचं तोंड लेपाच्या आत साधारण 1 सेंटिमीटर मागे ठेवायचं, पोकळीत डोकावू द्यायचं नाही. मागे लांब पट्टीसाठी छोटी खिडकी, पुढे सरकत्या विटांचं दार. दार फार आवळलं तर जळलेला वायू बाहेर पडत नाही आणि बर्नर नवी हवा ओढू शकत नाही. थांबलेली हवा चुकीच्या जागी आली की हे होतं.

बंद खोलीत भट्टी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळणं आणि झोप येणं ही त्याची चाहूल थकव्यासारखीच वाटते, म्हणून माणूस तिथेच बसून राहतो. दोन समोरासमोरची दारं उघडी आणि नाकाच्या उंचीवर अलार्म. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती जमिनीलगत साठते, म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात ठेवायचा नाही.

ऐरणीबद्दल थोडंच. रुळाचा तुकडा आडवा ठेवण्याऐवजी उभा गाडला तर घावाखाली सगळं वजन येतं. चाकूला तेवढं पुरतं.

घडवणं कोणत्याही नीट भट्टीत होतं. भट्टीची खरी परीक्षा पात्याला पाणी पाजताना, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करताना होते. सुरुवात 1084 या प्रतीच्या पोलादाने करावी: त्यात कार्बन सुमारे 0.84 टक्के, आणि घरच्या भट्टीत ते सर्वांत कमी हट्ट करतं. भंगारातल्या स्प्रिंगमध्ये काय आहे हे माहीत नसतं, आणि आतल्या बारीक भेगा शेवटच्या दिवशी उघड्या पडतात. 1084 ला 815 अंशांच्या आसपास न्यायचं असतं. पोलादाचं चुंबकत्व सुमारे 770 अंशांना जातं, म्हणून चुंबक चिकटायचं थांबल्यावर रंगाची आणखी एक छटा वर. हे मोजायला आणखी एक साधन स्वयंपाकघरात आहे: साधं मीठ 801 अंशांना वितळतं. पात्यावर चिमूट टाकली आणि तिचं पाणी झालं, की तापमान कळलं. उन्हात रंग फसवतात, तेच पातं सावलीत बरंच तेजस्वी दिसतं. म्हणून हे काम अंधाऱ्या जागी, आणि नेहमी त्याच जागी करावं.

छोट्या गॅस भट्टीत पात्याचं टोक आणि धार आधी तापतात, कारण तिथे धातू पातळ आहे. उपाय स्वस्त आहे: दोन इंची काळा पाइप, मागचं तोंड बंद करून, भट्टीत आडवा ठेवायचा आणि पातं त्याच्या आत. ज्योत पाइपला लागते, पात्याभोवती थांबलेली हवा राहते आणि रंग एकसारखा चढतो. तापमान पोचल्यावर थोडी मिनिटं धरायचं आणि मग एका हालचालीत तेलात. तेल 50 ते 60 अंशांपर्यंत कोमट केलेलं असावं, गार तेल दाट असतं आणि उष्णता हळू ओढतं. निदान 4 लिटर, उंच धातूच्या भांड्यात, झाकण हाताशी. तेल पेटलं तर झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही. पातं तेलात पुढे-मागे हलवायचं, आडवं हलवलं तर एक बाजू आधी गार होऊन ते वाकतं. धार आधीच कागदासारखी काढलेली असेल तर ती लाटा धरते, म्हणून तिथे दीड मिलिमीटर जाडी राखून ठेवायची.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. कानस घसरली, चावली नाही, म्हणजे कडकपणा आला. ते त्याच दिवशी ओव्हनमध्ये 200 अंशांना दोन तास ठेवायचं, गार करायचं आणि पुन्हा दोन तास. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट पिवळी छटा दिसली की बरोबर. उद्यावर टाकलेलं पातं रात्रीत आपोआप तडकू शकतं.

भट्टी बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह. नळीतला उरलेला गॅस जळून संपू द्यायचा, मग बॉल व्हॉल्व्ह, मग रेग्युलेटर सैल. तापलेली पोकळी धुराड्यासारखी वागते आणि गरम वायू बर्नरच्या नळीतून उलटा वर चढतो. टीच्या तोंडांवर पत्र्याचा तुकडा ठेवला की गॅसचे जोड भाजत नाहीत. दारं विटांनी बुजवली की लेप हळू गार होतो आणि भेगा कमी पडतात.

घडवून झालेलं, अजून पाणी न पाजलेलं पातं मऊ करायचं असेल तर गॅसची भट्टी त्याला पुरत नाही, तिची ऊब लवकर उतरते. कोळशाच्या भट्टीची चाळलेली, कोरडी राख बादलीभर साठवलेली असावी. पातं चुंबकाला सोडेपर्यंत तापवायचं, सोबत एक जाड लोखंडी तुकडा लाल करून घ्यायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी राखेत खोल पुरायचे. वर आणखी राख, आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी बादलीत हात घातला तर मधली राख अजून कोमट लागते, आणि कानस पहिल्याच फटक्यात पात्याचा लांब, चमकता कीस काढते.